गिटारचा मॉडेलर घेतला, पण आवाज डासासारखा का येतो? चांगला टोन काढण्याची सोपी पद्धत

नवा मॉडेलर घरी येतो. आत शंभराच्या आसपास ॲम्प, तितकेच इफेक्ट आणि कंपनीने आधीच भरून दिलेले प्रीसेट असतात. यूट्यूबवर हाच डबा ऐकताना भारी वाटलेला असतो. प्रत्यक्षात गिटार लावली की आवाज एकतर डासासारखा भुणभुणतो, नाहीतर पिंपात बसून वाजवल्यासारखा घुमतो. मग सुरू होतं प्रीसेट बदलत बसणं. आठवडाभरात मन म्हणायला लागतं, पैसे पाण्यात गेले, याच्यापेक्षा महागडा घ्यायला हवा होता.

बहुतेक वेळा डब्यात काहीच बिघाड नसतो. गडबड असते ती जोडणीत, लेव्हलमध्ये आणि टोन किती मोठ्या आवाजात बसवला यात. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनला गिटार शिकणाऱ्या मुलाकडे खरा व्हॉल्व्ह ॲम्प शेजारी ठेवून तुलना करायची सोय सहसा नसते. त्यामुळे नेमकं कुठे चुकतंय हे लवकर कळत नाही. म्हणूनच हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

मॉडेलर नेमकं करतो काय?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणजे फक्त गिटारचा आवाज नाही. तारेचा कंप पिकअप पकडतो, तो सिग्नल ॲम्पमध्ये जातो, ॲम्प त्याला मोठा करतो आणि थोडा ‘फाडतो’, मग तो स्पीकरमधून बाहेर येतो. रेकॉर्डिंग असेल तर स्पीकरसमोर माईक असतो. आपण गाण्यात ऐकतो ती गिटार या सगळ्या साखळीतून आलेली असते.

जुन्या काळच्या रेडिओत असायचे तसेच व्हॉल्व्ह फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांच्या नावाजलेल्या ॲम्पमध्ये असतात. गंमत अशी की हे ॲम्प मोठ्या आवाजात वाजवले तरच त्यांचा तो गोड फाटका आवाज येतो. ५० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प त्या टप्प्यावर पोचतो तेव्हा त्याच्यासमोरचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेलेला असतो. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत (वर्ष २०००) निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे गल्लीतल्या घरात असा ॲम्प खऱ्या अर्थाने वाजवणं जवळपास अशक्यच.

मॉडेलर याच अडचणीवरचा उपाय आहे. ॲम्पचं सर्किट सिग्नलचं काय करतं, याचं गणित त्यात भरलेलं असतं. रोलँड कंपनीचं व्हीजी-८ हे यंत्र १९९५ मध्ये आलं. त्यानंतर १९९८ मध्ये लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने ‘पॉड’ आणला. राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा तो लाल डबा जगभर गाजला. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स आला, तर २०११ मध्ये केम्परने वेगळी वाट धरली. समोरच्या खऱ्या ॲम्पला ठरावीक आवाज ऐकवायचे आणि त्यावरून त्या ॲम्पचा ‘ठसा’ घ्यायचा. आता तर न्यूरल नेटवर्कला शिकवून ॲम्पची नक्कल केली जाते. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं असं एक सॉफ्टवेअर चक्क मोफत मिळतं.

सांगायचा मुद्दा हा, की आजच्या स्वस्त डब्यातही चांगला टोन निघण्याइतकं सामान असतं. तो बाहेर काढायची पद्धत तेवढी माहीत हवी.

सगळ्यात मोठी गडबड: कॅबिनेट

गिटार ॲम्पचा स्पीकर आपल्या घरातल्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने कमी होतो. फाटलेल्या आवाजातली सगळी खरखर याच भागात असते. म्हणजे गिटारचा स्पीकर एखाद्या चाळणीसारखं काम करतो. खरखर अडकते, दाणा तेवढा खाली येतो.

मॉडेलर थेट हेडफोनला किंवा मिक्सरला जोडला तर ही चाळणी मध्ये नसते. तिची जागा घेतो ‘कॅब’ नावाचा ब्लॉक. बऱ्याच डब्यांत त्यासाठी ‘आयआर’ म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स वापरतात. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली की त्या जागेचा घुमारा आपल्याला ऐकू येतो, तसाच एका स्पीकरचा आणि त्याच्यासमोरच्या माईकचा हा नोंदवून ठेवलेला प्रतिसाद. २,०४८ सॅम्पलचा आयआर म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा तुकडा. पण टोनचा निम्मा स्वभाव तोच ठरवतो.

इथे दोन गोष्टी तपासा.

हेडफोन, मिक्सर, पीए किंवा कॉम्प्युटरला जोडताय? कॅब चालू हवा. तो बंद असेल तर डासांचा थवा ऐकू येणारच.

साध्या गिटार ॲम्पला जोडताय? त्या ॲम्पला स्वतःचा गिटार स्पीकर आहे. तेव्हा मॉडेलरमधला कॅब बंद करा, नाहीतर एकावर एक दोन चाळण्या लागतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. ॲम्पच्या मागे ‘रिटर्न’ असं भोक असेल तर तिथे जोडा. पुढच्या इनपुटला जोडलं तर मॉडेलरमधला ॲम्प आणि खरा ॲम्प असे दोन एकामागे एक लागतात.

टोन आवडत नसेल तर ॲम्प बदलण्याआधी कॅब बदलून पाहा. यादीत सेलेशनचे ‘ग्रीनबॅक’ किंवा ‘व्हिंटेज ३०’ या स्पीकरचे कॅब असतील तर तिथून सुरुवात करा. माईक निवडता येत असेल तर शुअरचा एसएम५७ घ्या. १९६५ पासून बाजारात असलेला हा माईक गिटार रेकॉर्डिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातोय. माईक स्पीकरच्या मधोमध ठेवला तर आवाज तीक्ष्ण होतो, कडेला सरकवला तर मऊ. माईकची जागा हलवायची सोय डब्यात असेल तर ईक्यूच्या आधी तीच वापरा.

आत जाणारा सिग्नल आधी नीट करा

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. सहाही तारा जोरात वाजवा आणि इनपुटचा मीटर बघा. तो लाल झाला तर इनपुट लेव्हल कमी करा. डिजिटल यंत्रात आत येतानाच फाटलेला आवाज पुढे कुठल्याच नॉबने दुरुस्त होत नाही. हंबकर पिकअपचा सिग्नल सिंगल कॉइलपेक्षा सहसा तगडा असतो. त्यामुळे मित्राच्या गिटारवर छान वाजणारा प्रीसेट तुमच्या गिटारवर वेगळा वाजतो. यात नवल काहीच नाही.

गिटारची केबल वाजवी लांबीची आणि चांगली घ्या. तारा गंजल्या असतील तर आधी त्या बदला. मेलेल्या तारांचा आवाज कुठलाही मॉडेलर जिवंत करू शकत नाही.

आणि एक महत्त्वाचं. वाजवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. मॉडेलरला त्याचं गणित करायला सहसा मोजके मिलिसेकंद लागतात. आवाजाला हवेतून मीटरभर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे तेवढा उशीर कानाला खुपत नाही. साध्या ब्लूटूथमध्ये मात्र शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर होऊ शकतो. बोट आज वाजतं, आवाज उद्या येतो अशी गत. वायरचाच हेडफोन हवा.

शून्यापासून एक टोन बांधू

कंपनीचे प्रीसेट दुकानात गिऱ्हाईक थांबावं म्हणून बनवलेले असतात. रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, गेन भरपूर. एकटं ऐकताना ते भव्य वाटतं, सोबत ढोलकी आणि कीबोर्ड आला की सगळा चिखल होतो. म्हणून एक रिकामा प्रीसेट घ्या आणि असं करा.

१. फक्त ॲम्प आणि कॅब हे दोन ब्लॉक चालू ठेवा. बाकी सगळं बंद.

२. बास, मिडल, ट्रेबल तिन्ही नॉब मधोमध ठेवा. आकडे न बघता कानाने एकेक हलवा.

३. गेन शून्यावरून हळूहळू वाढवा. पुरेसा वाटला की तिथून थोडा मागे या. घरी एकट्याने वाजवताना गेन नेहमी कमी वाटतो, बँडमध्ये तोच जास्त होतो. गेन जितका जास्त तितका कॉर्डमधला एकेक सूर पुसट होत जातो.

४. कॅबनंतर ईक्यू ब्लॉक लावा. लो कट ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, त्याखाली गिटारच्या कामाचं फार काही नाही. हाय कट ६,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान. भुणभुण अजून असेल तर ५,००० पर्यंत खाली आणा. डासाचा बंदोबस्त बहुतेक वेळा इथेच होतो.

५. फाटका टोन ढिला, फसफशीत वाटत असेल तर ॲम्पच्या आधी ‘ट्यूब स्क्रीमर’ प्रकारचा ड्राइव्ह लावा. बऱ्याच डब्यांत त्याचं चित्र हिरव्या पेडलचं असतं. त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. हा पेडल खालचा फुगीर भाग कापतो आणि मधला भाग पुढे आणतो.

६. सगळ्यात शेवटी डिले आणि रिव्हर्ब. मिक्स १०-१५ टक्क्यांपासून सुरू करा. बंद केल्यावर उणीव जाणवावी, चालू असताना वेगळा ऐकू येऊ नये, एवढाच.

असे तीन प्रीसेट पुरे झाले: एक स्वच्छ, एक हलका फाटका आणि एक लीडचा. लीडचा प्रीसेट बाकीच्यांपेक्षा साधारण ३ डेसिबल वर ठेवा, म्हणजे सोलो पुढे येतो आणि ऑपरेटरला हात लावावा लागत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की लोकांच्या लक्षात राहणारी गिटार म्हणजे भरपूर गेन. ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार किंवा १९८० च्या ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची गोरख शर्मा यांनी वाजवलेली धून ऐका. ऑर्केस्ट्रात ती पहिल्या दोन-चार सुरांतच ओळखू येते, कारण प्रत्येक सूर सुटा आणि स्पष्ट आहे.

रात्री जमलेला टोन मंडपात का बिघडतो?

हा अनुभव जवळपास प्रत्येक गिटारवाल्याला येतो. रात्री हेडफोनवर तास-दोन तास बसून टोन तयार केला. गणपतीच्या कार्यक्रमात तोच लावला तर कर्कश्श, वर खाली बासचा गदारोळ. ऑपरेटर गिटारचा फेडर खाली ओढतो आणि मग गिटार कुणाला ऐकूच येत नाही.

याचं कारण आपल्या कानात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलं. आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. त्यामुळे हळू आवाजात आपण नकळत बास आणि ट्रेबल वाढवतो, मिडल कमी करतो. आवाज मोठा झाला की कान ती कसर स्वतःच भरून काढतो आणि वाढवलेला बास-ट्रेबल अंगावर येतो.

त्यात बँडचं गणित वेगळं. खालचा भाग बास गिटारने, ढोलाने आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने व्यापलेला असतो. वर झांजा असतात. गिटारला जागा उरते ती मधल्या भागात, आणि नेमका तोच भाग आपण रात्री काढून टाकलेला असतो.

उपाय असा. प्रत्येक टोनच्या दोन प्रती ठेवा, एक घरची आणि एक कार्यक्रमाची. कार्यक्रमाच्या प्रतीत बास कमी, गेन कमी, रिव्हर्ब कमी आणि मिडल जास्त. ती एकटी ऐकताना थोडी रुक्ष वाटेल, वाटू द्या. घरी तपासायची असेल तर मूळ गाणं फोनवर मोठ्याने लावून त्याच्यासोबत वाजवा. दुपारच्या वेळी, शेजाऱ्यांना सांगून, दहा मिनिटं मोठ्या स्पीकरवर ऐकता आलं तर त्याहून उत्तम. साउंड चेकला मात्र वेळेत पोचा. शेवटचे दोन नॉब तिथेच फिरवायचे असतात.

मिक्सरला जोडताना

मॉडेलरचा आउटपुट माईकपेक्षा बराच जोरदार असतो. तो थेट माईकच्या चॅनलला लावला तर आवाज तिथेच फाटतो आणि दोष टोनवर येतो. मिक्सरचं लाइन किंवा ऑक्स इनपुट मागा. ते नसेल किंवा मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स लावा. सिग्नल लांबच्या केबलमधून स्वच्छ नेण्यासाठीच तो असतो.

एकच केबल असेल तर आउटपुट मोनो ठेवा. स्टिरिओ प्रीसेटची एकच बाजू पाठवली तर डिलेचा अर्धा भाग गायब होतो. मॉडेलरचा मास्टर व्हॉल्यूम साउंड चेकला ठरवा आणि नंतर हलवू नका. ऑपरेटरशी दोस्ती ठेवा. तो नाराज झाला तर कुठलाच मॉडेलर कामाचा नाही.

गुणगुण, अर्थिंग आणि जिवाचा प्रश्न

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण गिटारमध्ये शिरते. नॉइज गेट लावला की वाजवणं थांबल्यावर ती लपते, पण वाजवताना असतेच. म्हणून गेट हा इलाज नव्हे. आधी मॉडेलरचा ॲडॉप्टर तपासा. कंपनीने सांगितलेला व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी तंतोतंत जुळायला हवी, मिलिॲम्पिअर मात्र तेवढे किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात. बऱ्याच डब्यांना ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला ॲडॉप्टर लागतो. मोबाईलच्या चार्जरवर जुगाड करू नका. सिंगल कॉइल पिकअप असेल तर ट्यूबलाइट, मोटार आणि चार्जरपासून लांब बसा.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. गिटारच्या तारा केबलच्या जाळीमार्फत मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात वीज जनरेटरवरून किंवा कुणाच्या तरी घरातून ओढलेली असते. मिक्सरचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि कुठे गळती असेल, तर त्या तारांत करंट उतरू शकतो. हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की शरीरातून वीज वाहते. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वानसी इथे कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता.

गणपती पावसाळ्यात येतात, जमीन ओली असते. म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही कापू नका. गुणगुण जावी म्हणून तर अजिबात नको. सगळं सामान एकाच बोर्डवरून घ्या आणि त्याला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आहे का, हे मंडपवाल्याला विचारा. तोंड जवळ नेण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे अर्थिंग ठीकच आहे असंही समजू नका. पायात कोरड्या रबरी तळव्याची चप्पल-बूट ठेवा.

मग महागडा घ्यायचा की नाही?

आधी आहे त्याच डब्यावर वरचं सगळं करून बघा. महाग मॉडेलर घेतल्यावर जास्त फूटस्विच, जास्त ब्लॉक, मोठी स्क्रीन आणि अधिक बारीक तपशील मिळतो. कॅब, लेव्हल आणि ईक्यू यांची गडबड मात्र तिथेही तशीच राहते.

नवीन घेत असाल तर चार गोष्टी बघा: बाहेरचा आयआर भरता येतो का, वायरच्या हेडफोनचं जॅक आहे का, कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून रेकॉर्डिंग होतं का आणि बिघडल्यास दुरुस्ती जवळपास कुठे होते. जुना डबा असेल तर सगळे स्विच आणि नॉब हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आज रात्री एवढंच करा. रिकामा प्रीसेट, एक ॲम्प, एक कॅब, लो कट आणि हाय कट. पंधरा मिनिटं फक्त त्यावर वाजवा. डास गेला का बघा.